दहा रुपयांचं चॉकलेट आणि ‘विकसनशील’ देश

पाचवीच्या वर्गात जगाचा नकाशा लावून मी विकसित आणि विकसनशील देश सांगत होते. एक मुलगी म्हणाली, “बाई, ते लोक कष्ट करत नसतील, म्हणून गरीब.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. तिचं काय चुकलं? मी नुसती नावं दिली होती, कारण सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चॉकलेट घेऊन गेले. (दहा रुपयांच्या चॉकलेटात साखरच जास्त असते, पण धडा शिकवायला पुरतं.)

जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन शेजारी देशांत पिकतो. झाड मूळचं अमेरिका खंडातलं. आफ्रिकेत ते वसाहतींच्या काळात पसरलं. फळ कोयत्याने तोडायचं, फोडायचं, बिया केळीच्या पानांत झाकून पाच-सहा दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या. अनेक शेतांवर मुलंही राबतात. बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार २००५ पर्यंत थांबवू, असा करार चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये केला होता. ती मुदत पाळली गेली नाही. इथे मी विचारलं, “आता सांगा, कष्ट कोण करतं?” वर्ग शांत झाला.

मग पैसा जातो कुठे? आयव्हरी कोस्टमध्ये आता बरीच बी दळली जाते, पण वड्या, वेष्टन, जाहिरात, दुकान हे मुख्यतः युरोप-अमेरिकेत. भाव ठरतो लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात. २०२४ मध्ये तो टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. शेतकरी मालामाल झाला असेल ना? नाही. तिथलं सरकार हंगामाआधीच दर ठरवतं आणि बराच माल आगाऊ विकलेला असतो. त्यात रोगाने आणि हवामानाने पीकच घटलं होतं. भाव पडला की हाच ठरलेला दर शेतकऱ्याला सांभाळतो, हेही मुलांना सांगा, नाहीतर गोष्ट एकतर्फी होते.

एक जण म्हणाला, “आमच्या कांद्यासारखंच!” थोडंसंच. कांदा कांदा म्हणूनच विकला जातो. म्हणून घरी विचारून यायला सांगितलं: आपल्या गावातून काय कच्चं जातं आणि पाकिटातून परत येतं?

सोमवारी तिघांनी टोमॅटो सॉसच्या पुड्या आणल्या. त्या मुलीने आणलं सोयाबीन तेलाचं रिकामं पाकीट, मागे पेनने बाबांना मिळालेला क्विंटलचा भाव लिहून.