घर व मळा यांचीं जाळीं बिनतारी पुलानें जोडणें

ज्यांचें राहतें घर जुन्या जालन्यांत व मोसंबीचा मळा गांवाबाहेर, अशा बागाइतदारांची एक अडचण नित्याची आहे. घरीं इंटरनेटची तार आलेली असते. मळ्यांत मोटारीचा स्टार्टर, ठिबकच्या झडपा व कॅमेरा यांचें निराळें जाळें असतें. आणि मध्यें नाला, रस्ता अथवा परक्याचीं शेतें. २०१२-१३ च्या अवर्षणांत या जिल्ह्यांतील कितीएक मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. तेव्हांपासून पाण्याच्या एका पाळीचें मोल येथें कोणास सांगावें लागत नाहीं. मोटार चालू झाली कीं नाहीं एवढें पाहण्यासाठीं रात्रीं विंचूकाट्यांतून जावें, किंवा न जातां पाळी चुकवावी, हे दोनच पर्याय आहेत असें मात्र नाहीं.

परक्याच्या बांधांतून तार नेण्यास संमति मिळविणें किती कठीण, हें महसूल खात्यांत कारकुनी केलेल्या मजसारख्यास चांगलें ठाऊक आहे. म्हणून मार्ग हवेंतूनच काढावा. ‘ॲक्सेस पॉइंट’ हें तारेंतील संदेश रेडिओलहरींवर चढविणारें व लहरींवरून पुन्हां तारेंत उतरविणारें यंत्र होय. उघड्यावर टिकणारीं व एकाच दिशेस रोख असलेलीं अशीं दोन यंत्रें समोरासमोर बसविलीं म्हणजे पूल झाला. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारनें २००५ सालीं, व ५ गिगाहर्ट्झचे बरेचसे पट्टे २०१८ सालीं, ठराविक शक्तीच्या मर्यादेंत विनापरवाना खुले केले. मुंबईच्या आय. आय. टी. नें ‘ग्राममार्ग’ या नांवानें पालघर जिल्ह्यांतील गांवें अशाच बिनतारी दुव्यांनीं जोडून दाखविलीं. त्या कामास २०१७ सालीं मोझिला संस्थेच्या स्पर्धेंत पहिलें पारितोषिक मिळालें.

घराकडील यंत्र ‘ॲक्सेस पॉइंट’ या रीतीवर व मळ्याकडील ‘स्टेशन’ या रीतीवर लावावें. परंतु दोहोंवर ‘डब्ल्यू. डी. एस.’ ही सोय चालू असली पाहिजे. साधें स्टेशन पलीकडे केवळ आपलीच ओळख सांगतें. त्याच्या पाठीमागील कॅमेरा व स्टार्टर यांची ओळख पुढें जात नाहीं. या सोयीनें संदेशावर तीनऐवजीं चार पत्ते लिहिले जातात व पाठीमागचीं मंडळीहि ओळखलीं जातात.

पुष्कळांची फसगत होते ती पत्त्यांच्या बाबतींत. गट नंबर १२ दोन निरनिराळ्या गांवीं असला तर तंटा नाहीं. पण तींच दोन गांवें एक केलीं, कीं कोणता बारा खरा हा वाद उभा राहतो. घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ व मळ्यांतील राउटरचाहि तोच असेल, तर पूल बांधतांच हीच गत होते. म्हणून मळ्यांतील राउटरास १९२.१६८.१.२ द्यावा, पुलाच्या यंत्रांस ३ व ४, आणि पत्ते वांटण्याचें काम, ज्यास डी. एच. सी. पी. म्हणतात, तें मळ्याकडे बंद करून घरच्या राउटराकडेच ठेवावें. एका सज्जास दोन तलाठी नकोत.

आतां दृष्टिरेषा. समोरचा खांब डोळ्यांस दिसला म्हणजे पुरें, हा समज चुकीचा आहे. लहर सुतासारखी जात नसून मध्यें फुगते. एक किलोमीटर अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झची लहर मध्यभागीं सुमारें साडेतीन मीटर त्रिज्येची जागा व्यापते. तींतील निदान साठ टक्के, म्हणजे रेषेच्या सर्व बाजूंस दोन मीटरांहून थोडी अधिक जागा मोकळी हवी. २.४ गिगाहर्ट्झला हीच त्रिज्या साडेपांच मीटरांवर जाते.

मीं स्वतः हा नियम वाचला होता, पाळला नव्हता. फाल्गुनांत यंत्रें बसविलीं तेव्हां वाटेंतील कडुनिंब पानगळीनें उघडा पडला होता; यंत्रावर उणे ५८ डेसिबल असें बळ दिसे, तें उत्तम. वैशाखांत पालवी दाट झाली व वळवाच्या पावसानें भिजली, तेव्हां आंकडा उणे ८४ वर उतरला. (उणे असल्यामुळें आंकडा मोठा तितकें बळ कमी.) झडप बंद करण्याचा हुकूम मळ्यास पोहोंचलाच नाहीं. पहांटेपर्यंत एकाच तुकड्यांत पाणी चालून विहिरीनें तळ गांठला, आणि उरलेल्या बागेस सहा दिवस पाण्यावांचून काढावे लागले. लहान फळ पुष्कळ गळालें. झाडाचा दोष नव्हता. पुढें खांब तीन मीटर उंच केला, व त्याहून महत्त्वाचें म्हणजे झडपेवर जागच्या जागीं घड्याळ बसविलें. आतां पूल तुटला तरी ठरल्या वेळीं पाणी बंद होतें.

विजेविषयीं थोडें. यंत्रास वीज त्याच संदेशाच्या तारेंतून मिळते. ती तार शंभर मीटरांहून लांब नसावी. वीज जाते तेव्हां दोन्ही टोकांस बॅटरी हवी, एकीकडे असून उपयोग नाहीं. खांबास भूमिसंबंध द्यावा आणि तार घरांत शिरते तेथें विजेचा धक्का अडविणारें साधन लावावें. वळवाच्या दिवसांत याची टाळाटाळ करूं नये. समोरच्या वीजपडीनेंहि एका टोकाचें यंत्र व त्यास जोडलेला राउटर मिळून जळतात.