झोपेपुरता गारवा

वडपे, ता. भिवंडी

चि. बाळा यास अनेक आशीर्वाद,

तू घेतलेल्या दहाचाकीला एसी बसवायचा म्हणतोस, हे ताईकडून कळलं. दाजींना ती चैन वाटते, हेही कळलं. ती चैन नाही, हे त्यांना मी सांगेन. मे महिन्यात इथल्या गोदामांबाहेर माल खाली व्हायची वाट बघत उभ्या असलेल्या गाड्या तू पाहिल्या आहेस. केबिनमध्ये बसवत नाही म्हणून माणसं ट्रेलरखाली झोळी बांधून चाकांच्या मध्ये पडतात. रात्री घाम आणि डास. आणि झोप न झालेला तोच माणूस पहाटे कसाऱ्याचा घाट चढायला निघतो. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आता सरळ, मोकळ्या रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगानं चालवायचं, म्हणजे डोळ्यांवरची झापड आणखी धोक्याची.

कायद्याचं सांगतो. डिसेंबर 2023 मध्ये सरकारनं नियम काढला की 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनला एसी असलाच पाहिजे. तुझी गाडी त्याआधीची, तिला तो लागू नाही. पण नव्या गाडीचा एसीसुद्धा इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन बंद, की गारवा बंद. तुला झोप हवी ती मात्र गाडी उभी असताना. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: एसी बसव, पण उभ्या गाडीत झोपण्यासाठी बसव.

इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपायची सवय लावून घेऊ नकोस. तासाला दोन-तीन लिटर डिझेल जातं, ते राहू दे. सायलेन्सरला कुठं चीर असली किंवा शेजारी लागलेल्या गाडीचा धूर आत शिरला, तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. जागा माणूस डोकेदुखीनं, मळमळीनं सावध होतो. झोपलेला उठतच नाही.

बॅटरीवर चालणारा 24 व्होल्टचा पार्किंग एसी मिळतो, तो घे. पण त्याला गाडीच्याच बॅटऱ्या जोडून देणाऱ्या फिटरच्या नादी लागू नकोस. हिशेब मांड. एसी पूर्ण जोरात 35 अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे साधारण 840 वॅट. तुझ्या 150 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या मिळून 3600 वॅट-तास होतात, आणि शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. म्हणजे दोन तास गारवा, आणि पहाटे सेल्फ मारायला गेलास तर नुसतं टक-टक. केबिन थंड झाल्यावर एसी कमी ओढतो, तरी सात तासांच्या झोपेला तीन हजारांवर वॅट-तास धर. त्यासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटची 24 व्होल्ट, 200 अँपिअर-तासांची वेगळी बॅटरी लागेल. डायनामोची तार तिला थेट जोडायची नाही. ती बॅटरी इतका करंट खेचते की डायनामो जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच. तार 16 चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, आणि तार पत्र्यातून जाते तिथं रबराचं बूच. केबिनला आग लागते ती बऱ्याचदा अशाच घासलेल्या तारेतून.

या सगळ्याच्या आधी मात्र केबिन झाक. मला याचीच जास्त कळकळ आहे, कारण यात पैसे कमी लागतात आणि एसीही लहान पुरतो. छताच्या पत्र्याला आतून फोम लाव. तू झोपतोस त्याच्या खाली इंजिन आहे. घाटावरून आल्यावर ते दोन-तीन तास तापलेलं राहतं, तेव्हा बॉनेटच्या आतल्या बाजूला उष्णता अडवणारी गादी बसव. चमकता पडदा काचेच्या बाहेरून लाव. आतून लावलास तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं. दुपारी गाडी लावताना पुढची काच पश्चिमेला येऊ देऊ नकोस.

छताला भोक पाडून बसवायचा एसी मला पटत नाही. आषाढात इथला पाऊस त्या जोडातून वाट काढतोच. बाहेरचं युनिट केबिनच्या मागच्या भिंतीवर घे, पाण्याची नळी खाली सोड. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही, म्हणून कापाकापीच्या आधी आरटीओत विचार आणि विमा कंपनीलाही कळव.

थंडीचं म्हणशील, तर डिसेंबर-जानेवारीत दिल्ली-पंजाबचं भाडं घेशील तेव्हाच ती अडचण. बंद केबिनमध्ये शेगडी किंवा गॅस पेटवून झोपायचं नाही, एक रात्रसुद्धा नाही. विष तेच, वर सांगितलेलं. इंजिनच्या गरम पाण्यावरचा हीटर चालत्या गाडीत पुरे. कायम उत्तरेकडची लाइन धरलीस, तर डिझेलवरचा छोटा एअर हीटर घेऊ; वेबास्टो, एबरस्पेशर या जर्मन कंपन्या तो बनवतात. त्याची ज्वाळा बंद डब्यात असते, हवा बाहेरून घेतो, धूर नळीनं बाहेर सोडतो. तोवर चांगली रजई घे, आणि कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्म उशाशी लाव. तो उन्हाळ्यातही काढू नकोस.

झोपेची वेळही भाड्यातून मागून घे. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. आता मालक तूच आहेस, उद्या ड्रायव्हर ठेवशील तेव्हा त्यालाही हे दे.

केबिनची आतली लांबी, रुंदी, उंची आणि डायनामोवर लिहिलेले अँपिअर कळव. बॅटरी किती मोठी लागेल ते त्यावरून ठरवू. तोपर्यंत कुणालाही आगाऊ पैसे देऊ नकोस.

तुझा
मामा