माहुली गडावरचे पाणी

मध्य रेल्वेच्या आसनगाव स्थानकाजवळ पोचलात की जवळच सुळक्यांची एक डोंगररांग दिसते. हाच शहापूर तालुक्यातला माहुली किल्ला. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे त्याचे तीन भाग असून समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ८५८ मीटर आहे. आज वर महादरवाजा, पहारेकऱ्यांच्या देवड्या, भंडारगडाकडचा कल्याण दरवाजा, पडके चौथरे आणि पाण्याची टाकी एवढेच उरले आहे.

निजामशाहीचा शेवट याच गडाशी जोडलेला आहे. १६३६ साली शहाजीराजे बालनिजामाला घेऊन येथे आले. मोगल आणि आदिलशाही फौजांनी वेढा घातला, तेव्हा शहाजीराजांना तह करून गड सोडावा लागला. पुढे हा गड शिवाजी महाराजांकडे आला. पण १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला. १६७० च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी केलेला हल्ला किल्लेदार मनोहरदास गौड याने परतवला. त्याच वर्षी जूनमध्ये मात्र मराठ्यांनी गड जिंकला.

आता एक प्रश्न. वेढ्यात अडकलेली माणसे पाणी कोठून पीत असतील?

खालून वाहून आणता आले असते का? हिशेब करू. गडावर ३०० माणसे आणि दर माणशी रोज ५ लिटर पाणी धरू. रोजचे १५०० लिटर झाले. पायथ्यापासून चढ सुमारे ७०० मीटर धरला, तर १ लिटर पाणी वर नेण्यास १ × ९.८ × ७०० = ६८६० ज्यूल कार्य करावे लागते. एका माणसाने एका खेपेस २० लिटर आणले, तरी रोज ७५ खेपा! शिवाय वाटेवर शत्रू बसलेला. म्हणजे पाणी वरच हवे.

पावसाळ्यात येथे दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. तो साठवायचा कसा? १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल टाक्यात १,५०,००० लिटर पाणी मावते. उघड्या पाण्याचे बाष्पीभवन रोज ५ मिलिमीटर मानले, तर पावसाळ्यानंतरच्या २४० दिवसांत पातळी १.२ मीटरने उतरते. म्हणजे ६०,००० लिटर उडून जातात, ९०,००० उरतात. ३०० माणसांना २४० दिवसांसाठी ३,६०,००० लिटर लागतात. म्हणून अशी चार टाकी हवीत. ती भरायला २० मीटर लांब व १५ मीटर रुंद एवढ्या कातळावरचा दोन मीटर पाऊस पुरेसा आहे!

यातून दोन गोष्टी कळतात. एक मीटर खोलीचे उथळ टाके, कोणी पाणी न पिताही, पुढच्या पावसाळ्याआधीच आटेल. खोल टाके टिकेल. आणि टाके कड्याच्या पोटात, सावलीत कोरले तर ऊन व वारा कमी लागून बाष्पीभवन आणखी घटते. सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांवर छताला खांब ठेवून कोरलेली खांबटाकी दिसतात, ती यासाठीच उपयोगी. मुरबाड तालुक्यातल्या गोरखगडावरही गुहेजवळ कातळात कोरलेली टाकी आहेत. बेसॉल्टचा अखंड कातळ पाणी सहसा झिरपू देत नाही. भेग मात्र टाळावी लागते.

माहुलीवरून तानसा तलाव दिसतो. १८९२ साली पूर्ण झालेल्या त्या धरणाचे पाणी मुंबईला जाते, भातसाचेही जाते. तरीही याच तालुक्यातल्या डोंगरपाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस येथे कमी नाही. तो पडतो आणि उतारावरून वाहून जातो. कमी पडते ती साठवण. गडकऱ्यांनी छिन्नी-हातोड्याने जे ओळखले, ते आपल्याला पुन्हा शिकावे लागेल.

करून पाहा : आपल्या शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोजा. त्यावर पडणारा दोन मीटर पाऊस किती लिटर होतो आणि तो शाळेला किती दिवस पुरेल, हे काढा. गडावर गेलात तर टाक्यात उतरू नका, कचरा टाकू नका. ते पाणी आजही वाटसरूंच्या कामी येते.