शेत विकून शेत घेतले, तर कर लागतो का?



"शेतीवर कर नसतो" असे आपण सगळेच म्हणतो. पिकाच्या उत्पन्नाबाबत ते खरे आहे. शेत विकून झालेल्या नफ्याबाबत मात्र अर्धेच खरे!

नगर परिषदेची लोकसंख्या १० हजारांवर आणि १ लाखापर्यंत असेल, तर तिच्या हद्दीतली आणि हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरपर्यंतची शेतजमीन आयकर कायद्यात 'भांडवली मालमत्ता' ठरते. आपली पवनी यातच बसते. त्यापलीकडच्या खेड्यातल्या शेतीला हा कर नाही.

आता गणित करू. समजा, १० लाखांना घेतलेले पवनीतले शेत बऱ्याच वर्षांनी ४० लाखांना विकले. नफा ३० लाख. १२.५ टक्क्यांनी कर ३ लाख ७५ हजार (उपकर वेगळा).

हा कर वाचू शकतो. त्यासाठी १९६१ च्या कायद्यात कलम ५४बी होते. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मुख्य अटी अशा:

१. विकण्याआधीची दोन वर्षे तुम्ही किंवा आईवडिलांनी ते शेत कसलेले हवे.
२. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घ्यावी. प्लॉट चालत नाही.
३. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जमीन मिळाली नाही, तर पैसे बँकेच्या 'भांडवली नफा खात्यात' ठेवावेत. साध्या बचत खात्यात ठेवले तर सवलत हातची जाऊ शकते.
४. खरेदी स्वतःच्याच नावावर करावी. मुलाच्या नावावर केली की वाद उभा राहतो.

आणखी एक गोष्ट. ३० लाखांचे नवे शेत तीन वर्षांच्या आत ३५ लाखांना विकले, तर नफा ५ लाख धरत नाहीत. वाचवलेला ३० लाखांचा नफा खरेदी किमतीतून वजा होतो. किंमत उरते शून्य आणि नफा ३५ लाख!

अमेरिकेतही गुंतवणुकीच्या जागेसाठी कलम १०३१ आहे. तिथे नवी जागा ४५ दिवसांत ठरवून १८० दिवसांत घ्यावी लागते, आणि जुना नफा नव्या जागेला चिकटूनच राहतो. आपल्याकडे तीन वर्षे धीर धरला की सुटका होते.

म्हणून इसार घेण्याआधीच सीएला भेटा, तारखा वहीत लिहून ठेवा.

मुलांसाठी गृहपाठ: नवे शेत २० लाखांचेच घेतले, तर कर किती? (उत्तर: उरलेल्या १० लाखांवर १ लाख २५ हजार.)