मूलपेशी आणि पक्षाघात

त्वचेची जखम भरून येते. मेंदूतील पेशी मात्र एकदा मृत झाल्या की सहसा पुन्हा निर्माण होत नाहीत. रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात होतो तेव्हा हीच हानी घडते.

मूलपेशींपासून निरनिराळ्या पेशी उत्पन्न होतात. म्हणून संशोधकांची आशा त्यांच्यावर आहे. भारतात १२० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात सुमारे निम्म्यांना स्वतःच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेवाटे दिल्या गेल्या. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : अपाय नाही, पण सहा महिन्यांनी इतरांहून अधिक लाभही नाही.

संशोधन चालूच आहे. तोवर जाहिरातींना भुलून कोणी घरदार गहाण टाकू नये. विद्यार्थ्यांनो, कोणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा वाचा अडखळली, तर त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते.