श्रीरामपूरच्या मंडळीचा वर्धापनदिन

(वाचन : गलतीकरांस पत्र २:११–१४)



मंडळीचा वर्धापनदिन जवळ आला म्हणजे आमच्या गांवोगांवच्या पंचांमध्यें मंडप, भजन व जेवण या तीन गोष्टींची चर्चा सुरू होते. आणि तिहींपैकीं जेवणावर वेळ अधिक जातो, हें मीं पुष्कळदां पाहिलें आहे. त्याबद्दल मी कोणास दोष देत नाहीं. ज्या मंडळीचा वृत्तांत आज तुम्हांपुढें ठेवावयाचा आहे, तिच्या आरंभींही एक जेवणच आहे.

बंगाल्यांत, कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर श्रीरामपूर हें नगर आहे. त्या काळीं तें डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यांत होतें. इंग्रजांच्या कंपनीस आपल्या मुलखांत मिशनरी नको होते, म्हणून बॅप्टिस्ट मिशनचे जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे १७९९ सालीं या डेन्मार्ककरांच्या आश्रयास उतरले. विल्यम केरी हे १७९३ पासून बंगाल्यांत होतेच. ते १८०० च्या जानेवारींत त्यांस येऊन मिळाले. त्याच वर्षीं ता. २४ एप्रिल रोजीं मंडळीची रीतसर स्थापना होऊन केरीसाहेबांस पाळक नेमिलें. त्या तारखेपासून मोजिलें तर २०२५ सालीं सव्वादोनशें वर्षें भरलीं.

परंतु वाचकहो, त्या एप्रिलांत या मंडळींत एकही बंगाली मनुष्य नव्हता. केरीसाहेबांस या देशीं येऊन सहा वर्षें उलटून गेलीं होतीं, भाषा येत होती, उपदेश चालू होता. पण देशी मनुष्याचा बाप्तिस्मा असा एकही झाला नव्हता. जे उपदेशक दोन वर्षांत निराश होऊन मला पत्रें लिहितात, त्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत कृष्ण पाल नांवाचा सुतार घसरून पडला व त्याचा खांदा निखळला. मिशनांतील डॉक्टर टॉमस यांनीं तो बसविला, आणि औषधाबरोबर शुभवर्तमानही सांगितलें. कृष्ण हा पूर्वी कर्ताभजा पंथांतला. सत्याचा शोध त्याला नवा नव्हता. तो मिशनच्या घरीं येऊं लागला, त्याचा मित्र गोकुळ येऊं लागला, घरांतल्या स्त्रियाही ऐकूं लागल्या.

ता. २२ डिसेंबर रोजीं कृष्ण व गोकुळ हे मिशनऱ्यांच्या पंक्तीस बसून जेवले. अन्न साधेंच असेल. पण त्या एका घांसानें जात गेली, सोयरीक गेली. ही बातमी पसरतांच सुमारें दोन हजार लोक जमले, आणि कृष्णास ओढीत मॅजिस्ट्रेटापुढें नेलें. मॅजिस्ट्रेटानें त्याच्यावर कांहीं दोष न ठेवितां त्यास सोडून दिलें.

पुढील रविवारीं, ता. २८ रोजीं, हुगळीच्या घाटावर बाप्तिस्मा झाला. गोकुळ त्या दिवशीं मागें सरला. स्त्रियाही मागें राहिल्या. पाण्यांत उतरले ते दोघेच : कृष्ण, आणि केरीसाहेबांचा मुलगा फेलिक्स. डेन्मार्कचे गव्हर्नर तेथें उभे होते व त्यांचे डोळे भरून आले. आणि ज्या टॉमस यांनीं कित्येक वर्षें याच दिवसाची वाट पाहिली, त्यांचें मन हर्षानें भ्रमिष्ट होऊन त्यांना त्या वेळीं कोंडून ठेवावें लागलें होतें. केरीसाहेबांच्या पत्नीही त्याच व्याधीनें घरांत कोंडलेल्या होत्या. आमच्या वर्धापनाच्या अहवालांत असल्या गोष्टी गाळण्याची चाल आहे. वॉर्डसाहेबांनीं त्या आपल्या रोजनिशींत लिहून ठेविल्या, हें मला बरें वाटतें. त्याच संध्याकाळीं बंगाली भाषेंत पहिलें प्रभुभोजन झालें.

पुढील वर्षीं गोकुळही आला, कृष्णाची पत्नी व मेहुणीही आल्या. कृष्णानें आपल्या घरासमोर स्वतः एक लहान प्रार्थनामंदिर उभारिलें, सुतारच तो. केरीसाहेबांनीं त्यांत पहिला उपदेश केला तेव्हां घरच्या माणसांखेरीज सुमारें वीस जण होते. मिशनच्या पैशाची वाट पाहत ज्या मंडळ्या छपराविना बसल्या आहेत, त्यांस मी येथें अधिक कांहीं म्हणत नाहीं. १८०१ च्या मार्चांत बंगाली नवा करार बांधून तयार झाला, तेव्हां त्याची पहिली प्रत प्रभुभोजनाच्या मेजावर ठेविली. याच छापखान्यांतून, पंडित वैजनाथ यांच्या साहाय्यानें, १८११ सालीं मराठींतील पहिला छापील नवा करार निघाला. म्हणून ही मंडळी आपणांस परकी नव्हे.

आतां आरंभीं दिलेलें वाचन पाहा. अंत्युखियांत पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. पण याकोबाकडील माणसें येतांच तो उठून वेगळा बसला, आणि पौलानें त्याला तोंडावर दोष दिला. मी पाळक होऊन प्रथम ज्या मंडळींत गेलों, तेथें प्रभुभोजनाचा प्याला कोणत्या जातींतून आलेल्यांकडे आधीं न्यावयाचा हें ठरलेलें होतें. मला कोणी सांगितलें नाहीं. वडील मंडळींनीं माझा हात हलकेच त्या बाजूस वळविला, आणि मीं तो वळूं दिला. पुढें दोन वर्षें तसेंच चाललें.

श्रीरामपुरीं हा प्रश्न लवकरच उभा राहिला. दक्षिणेंतील जुन्या मिशनांनीं जातीचे भेद मंडळींत राहूं दिले होते. येथें तसें न करण्याचें ठरलें. १८०३ च्या एप्रिलांत कृष्णप्रसाद नांवाच्या, ब्राह्मणांतून आलेल्या तरुणाचें कृष्ण पालाच्या मुलीशीं लग्न लागलें. लग्न कृष्णाच्या घरासमोर झाडाखालीं लागलें, आणि रात्रीं सर्व जण वधूच्या घरीं जेवले.

त्याच वर्षीं गोकुळ वारला. तोंवर ख्रिस्ती प्रेत वाहण्यास भाडोत्री माणसें आणीत. गोकुळाची पेटी मार्शमनसाहेब, फेलिक्स केरी, ब्राह्मणांतून आलेला भैरव आणि मुसलमानांतून आलेला पिरू या चौघांनीं आपल्या खांद्यांवर घेतली व भर रस्त्यानें नेली. आणि दोन्ही बाजूंस लोक पाहत उभे राहिले.