मधेच टुंग वाजलं तर…

अगं, घरी फायबर आली आणि तिच्यासोबत ०२१३२चा घरचा फोनही आला, हे बरंच झालं. येडगावात धरणाकडच्या मळ्यात मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते. पण घरच्या फोनवर कॉल वेटिंगही चालू करून घेतलंयस म्हणतेस, म्हणून चार गोष्टी सांगते. सासूबाईंच्या कानावर किती घालायच्या, ते तुझं तू ठरव.

बोलताना मधेच बारीक ‘टुंग’ वाजलं की समज, दुसरा फोन आलाय. ‘फ्लॅश’ किंवा ‘आर’ लिहिलेलं बटण एकदा दाबून सोड. पहिला माणूस होल्डवर जातो, दुसरा जोडला जातो. पुन्हा दाबलं की पहिला परत. काही लाइनींवर फ्लॅशनंतर २ दाबावं लागतं, ते जोडणीवाल्याला विचार. बटणच नसेल तर रिसीव्हरखालची खटकी हलकेच दाबून लगेच सोड. जास्त वेळ दाबलीस की फोन कट. आणि हो, समोरचा आवाज ओळखू आल्याशिवाय ‘काय बाई कटकट!’ म्हणायचं नाही. लाइनीवर अजून नणंदच असायची!

खरी गोम पुढेच आहे. पूर्वी आपण बोलत असलो की बाहेरच्याला एंगेज टोन यायचा. बोलतायत म्हणून तो थोड्या वेळाने परत लावायचा. कॉल वेटिंग असलं की पुष्कळदा त्याला नेहमीसारखी रिंगच ऐकू येते. तू इकडे टुंग सोडून देतेस आणि तिकडे पुण्यात जाऊबाई म्हणतात, “नुसती रिंग जातेय, मुद्दाम उचलत नाही.” रुसवे-फुगवे सुरू होतात ते इथून. म्हणून आधीच सगळ्यांना सांगून ठेव: “रिंग जाऊनही उचलला नाही तर मी बोलत असेन. अडलंच असेल तर लागोपाठ दोनदा लावा.” दुसऱ्यांदा टुंग वाजलं की मात्र घ्यायचाच.

तसे न थांबणारे फोन थोडेच असतात. टोमॅटोची तोडणी चालू आहे, क्रेट भरून गाडी उभी आहे आणि नारायणगावच्या बाजारातून भाव कळवायला कुणी फोन केलाय, तो थांबत नाही. कालव्याला पाणी सुटलं, शेजारच्या वस्तीवर बिबट्या दिसला, दवाखान्यातून निरोप आला, हेही नाही. बाकीच्यांना “बोलतेय, लावते परत” एवढंच म्हण. परत लावताना नंबर मोबाइलचा असेल तर आधी शून्य लाव. १५ जानेवारी २०२१पासून घरच्या फोनवरून मोबाइलला तसंच लावावं लागतं.

पहिल्याला सोडून जाताना “धरा हं, आलेच” म्हणायचं आणि खरंच लगेच यायचं. फोन त्याने लावला असेल तर होल्डवरही वेळ त्याचाच मोजला जातो. परदेशातून बोलणाऱ्या दिराला हे फार लागतं.

आता खास तुझ्यापुरतं. आई फोनवर आधी पाऊसपाणी सांगते, मग कुणाचं लग्न ठरलं ते, आणि दुखणं अगदी शेवटी काढते. नेमकं तेव्हा टुंग वाजलं आणि तू “आई, एक मिनिट” म्हणालीस, तर परत आल्यावर ती म्हणणार, “काही नाही गं, जेवलीस का?” गेलं ते बोलणं. ते पुन्हा निघायला महिना जाईल.

तेव्हा तिच्याशी निवांत बोलायचं असेल, त्याआधी कॉल वेटिंग बंद करत जा. त्याचा कोड जोडणीवाल्याकडून लिहून घे. तेवढा वेळ बाहेरच्यांना एंगेज लागू दे. कुणी विचारलंच, तर “आईशी बोलत होते” म्हण. त्यात लपवायचंय काय?